फुंकणीवर तीनशे

“तोंडाला घट्ट लावा, अप्पा. खोल श्वास घ्यायचा आणि एकदम सोडायचा. समोर मेणबत्ती आहे असं समजा आणि विझवा.”

“मेणबत्ती कुठं हाय?”

“नाहीये. नुसतं समजायचं.”

भूपाल चौगुले, म्हणजे आमच्या गल्लीचे अप्पा, यांनी हातातली प्लॅस्टिकची नळी उलटसुलट करून पाहिली. तंबाखूच्या गोडाऊनमध्ये पस्तीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाला नुसतं समजणं वगैरे काही जमत नसे. त्या पस्तीस वर्षांची धूळ छातीत घेऊन ते घरी बसले होते आणि सकाळी त्यांचा खोकला सुरू झाला की आमच्या गल्लीत उजाडायचं. नळीच्या अंगावर आकडे होते आणि आत एक लाल काटा होता. जोरात फुंकलं की काटा सरकायचा आणि माणसाच्या श्वासात किती दम उरलाय ते कळायचं. तिला इंग्रजीत भलंमोठं नाव होतं, पण जयसिंगपूरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं ‘फुंकणी’ असं बारसं करून टाकलं होतं.

अप्पांनी फुंकणी मांडीवर ठेवली.

“आधी मला सांग. ह्ये सगळं पार पडलं की तुला काय मिळणार?”

हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी वर्षभर देव पाण्यात घालून बसलो होतो. मी शर्टाची कॉलर सारखी केली.

“पुण्याला कायमची जागा, अप्पा. सरांनी शब्द दिलाय. प्रयोग यशस्वी झाला की तिथली संस्था सरांना मोठी प्रयोगशाळा देणार, आणि सर पहिला माणूस म्हणून मला घेणार. क्वार्टरसकट.”

“क्वार्टरसकट,” आतून कोणीतरी हळूच म्हणालं आणि हसलं.

ती त्रिशला, अप्पांची एकुलती एक मुलगी. बी. ए. झालेली, हातात कायम क्रोशाची सुई आणि जिभेलाही तशीच सुई. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या घरात आता ही दोघंच होती. मी समोरच्या ताराक्कांकडे भाड्याच्या खोलीत राहत होतो. तिथून अप्पांचं स्वयंपाकघर दिसत नसे, पण खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकलं तर दिसे, आणि मी वाकत असे.

अप्पांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“पुण्याला.”

“हो, पुण्याला.”

“लांब हाय.”

“थेट गाडी आहे, अप्पा. सकाळी बसलं की दुपारी पुणं.” माझ्या समजुतीप्रमाणे मी स्वतःचा भाव वाढवत होतो.

“एक सांग. माझ्या दारावरनं दिवसातनं किती येळा जातोस रं तू?”

“कामावर जाताना... तेवढंच.”

“काम तुझं स्टेशनाकडं. माझ्या दाराच्या पुढं वाट बंद हाय. भिताड हाय तिथं.”

आत क्रोशाची सुई फरशीवर पडल्याचा आवाज आला. माझ्या कानशिलांपर्यंत सगळं लाल झालं असणार, कारण अप्पा बराच वेळ माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते. मग त्यांनी फुंकणी उचलली आणि आकड्यांवर बोट ठेवलं.

“चांगल्या माणसाचा काटा कुठवर जातो?”

“तुमच्या छातीचं पाहता तीनशेला गेला तरी फार झालं.”

“मग ठरलं. तुझ्या डब्याच्या हवेनं माझा काटा तीनशेला गेला की ह्या घरात बोलणी करायला ये. तवर दर शनिवारी यायचं, फुंकणी घ्यायची, च्या प्यायचा आणि गप जायचं. कबूल?”

त्यांनी तीन हजार म्हटलं असतं तरी मी कबूल म्हणालो असतो. अप्पांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि फुंकलं. काटा दोनशे दहावर थांबला. मी वहीत लिहिलं: घर नंबर सतरा, दोनशे दहा.

ही त्र्याण्णव सालातली, दिवाळीनंतरची गोष्ट. मी, धन्यकुमार मगदूम, तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बी. एस्सी. होऊन डॉक्टर हेर्लेकर सरांच्या हाताखाली प्रकल्प सहायक म्हणून लागलो होतो. सर कोल्हापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. धबधब्याजवळ उभं राहिलं की माणसाला उगाचच हसू का येतं, हा प्रश्न त्यांना तरुणपणी आंबोलीला पडला होता आणि तो काही केल्या त्यांची पाठ सोडत नव्हता. पाणी खडकावर आपटून फुटतं तेव्हा आजूबाजूच्या हवेत ऋण आयन तयार होतात, म्हणजे ऋण वीजभार असलेले अगदी बारीक कण. ते श्वासातून गेले की दमा हलका होतो असं परदेशात कोणी म्हणत होतं, मन हलकं होतं असं दुसरं कोणी म्हणत होतं, आणि यातलं काहीच होत नाही असं म्हणणारेही बक्कळ होते. सरांना याचा एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा होता.

त्यासाठी त्यांनी चाळीस यंत्रं बनवून घेतली. जेवणाच्या डब्याएवढं एकेक, पुढे जाळी, वर लाल दिवा. वीस डब्यांत सुया होत्या, त्यांच्या टोकांतून ते आयन बाहेर पडत. उरलेल्या वीस डब्यांत नुसता दिवाच होता. आम्ही त्यांना बोलके डबे आणि मुके डबे म्हणायचो. कोणता बोलका आणि कोणता मुका हे घरातल्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. यादी बंद पाकिटात, लाखेची मोहर लावून ठेवलेली. मी फक्त चाळीस घरांत डबे ठेवायचे, दर शनिवारी हिंडून फुंकणी फुंकवून घ्यायची आणि विचारायचं, “मन कसं आहे? शून्य ते दहात सांगा.”

डबे गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. निगेटिव्ह आयन म्हटलं की ताराक्का म्हणाल्या, “निगेटिव्ह म्हंजे फोटोची असती ती?” ऋण आयन म्हटलं की गल्लीतले पुरुष दोन पावलं मागे सरकत. शेवटी मी ‘धबधब्याची हवा’ असं म्हणायला लागलो आणि सगळे डबे दोन दिवसांत खपले. यंत्राचं तोंड मोकळं ठेवा, एवढं एक मी प्रत्येक घरी बजावून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

आणि मग आमच्या गल्लीला जे काही झालं ते मी आयुष्यात पुन्हा कुठे पाहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताराक्का, ज्या वीस वर्षं दर दोन वाक्यांनंतर खोकत, त्या स्टेशनापर्यंत चालत जाऊन परत आल्या आणि वाटेत भाजीवालीशी भांडूनही आल्या. कोपऱ्यावरच्या मास्तरांचं घोरणं थांबलं, असं त्यांच्या बायकोने मला रस्त्यात गाठून सांगितलं. अकरा वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन जावा बोलल्या. पहिलं वाक्य भांडणाचंच होतं, पण बोलल्या. फुंकणीवरचे आकडे दर शनिवारी वर चढत होते. मनाचा प्रश्न विचारला की ताराक्का म्हणत, “अकरा लिही.”

“दहाच्या वर लिहिता येत नाही, ताराक्का.”

“मग ती वही मोठी कर.”

चाळीसातली एकोणचाळीस घरं अशी उधाणली होती. फक्त घर नंबर सतरा जागचं हलत नव्हतं. दोनशे दहा. पुढच्या शनिवारी दोनशे दहा. त्याच्या पुढच्या शनिवारी दोनशे पाच.

“मन कसं आहे, अप्पा?”

“हाय तसंच.”

“शून्य ते दहात?”

“हाय तेवढंच.”

माझी खात्री झाली की माझ्या नशिबी मुका डबा आला. सगळं जयसिंगपूर धबधब्याखाली नाचतंय आणि ज्याच्या एका फुंकरीवर माझं लग्न अडलंय त्याच माणसाच्या कोनाड्यात नुसता दिवा. मी एकदा सरांना आडून विचारून पाहिलं, की एखादा डबा बिघडला असेल तर बदलून देता येईल का. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बिघडला आहे हे तुम्हाला कसं कळलं, मगदूम?” मी विषय बदलला.

एका शनिवारी त्रिशला चहाचा कप देताना हळूच म्हणाली, “लिहा की तीनशे. कोण बघायला येतंय?”

“सर बघतील.”

“सर कोल्हापुरात. ते वही बघतात, काटा कुठं बघतात?”

अप्पा परसात तोंड धुवायला गेले होते. वही माझ्या मांडीवर उघडी होती आणि पेनही हातात होतं. खोटं कशाला बोलू, मी तीनाचा वळसा काढायला सुरुवातही केली होती. पण ताराक्कांचे, मास्तरांचे, त्या दोन जावांचे आकडे मी खरे लिहायचे आणि स्वतःच्या सासऱ्याचा तेवढा खोटा, हे मला जमेना. वळसा खोडून मी दोनशे दहा लिहिलं.

“त्या वहीशीच लग्न करा,” त्रिशला म्हणाली, आणि पुढचे तीन शनिवार माझ्या चहात साखर नव्हती.

तिचा राग गेला तो ताराक्कांमुळे. झालं असं की ताराक्कांच्या घरात टीव्हीला झालरीचं आवरण होतं, रेडिओला होतं, मिक्सरला होतं, पाण्याच्या फिल्टरला होतं, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये हा डबा उघडाबोडका बसलेला. आमच्याकडे उघडं यंत्र म्हणजे घरच्या बाईची अब्रू. त्यांनी त्रिशलाला सांगून त्याला क्रोशाचं टोपडं विणून घेतलं: लाल फुलं, हिरवी पानं, खाली झालर आणि धूळ आत जाऊ नये म्हणून मांजरपाटाचं दुहेरी अस्तर. लाल दिव्यापुरतं एक भोक. ते पाहून मास्तरांच्या बायकोला हवं झालं. तिचं पाहून दोन्ही जावांना हवं झालं, एकीपेक्षा दुसरीला दोन फुलं जास्त.

हे सगळं घरोघरी पोचवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. का, ते सांगायला नको. शनिवारखेरीज अप्पांच्या दारात जायला मला दुसरं निमित्त नव्हतं, आणि आता दर दोन दिवसांनी एक टोपडं तयार होत होतं. मी दारात उभा राहायचो, ती टोपडं हातात द्यायची, मी म्हणायचो, “फारच सुरेख झालंय,” ती म्हणायची, “ह्याच्या आधीचं जास्त चांगलं झालं होतं.” एवढंच बोलणं. त्यावर माझा दोन दिवस गुजारा व्हायचा.

तिने एक घरच्या डब्यालाही घातलं होतं. अप्पांनी ते त्याच दिवशी काढून टाकलं. “मोटारीवर पोतं टाकलं की मोटार जळती. गोडाऊनात बघितलंय मी. यंत्राला कापडं नकोत.”

चैत्रात प्रयोग संपला. मंगळवारी सर पुण्याला जाणार होते, तिथल्या लोकांसमोर पाकीट फोडून आकडे मांडायला. चाळीसपैकी एकोणचाळीस घरांत सुधारणा. पाकीट फुटलं की बोलक्या डब्यांचे आकडे मुक्यांपेक्षा वर निघणार, या खात्रीने सर इतके खूश होते की त्यांनी नवा टाय घेतला होता. मी मात्र तोंड पाडून बसलो होतो. शेवटच्या शनिवारीही अप्पांचा काटा दोनशे दहाच्या पुढे सरकला नव्हता.

रविवारी सकाळी त्रिशलाने मला हाक मारली. ती ओलं फडकं घेऊन कोनाड्यासमोर उभी होती.

“काय डबा आणलात तो. भिंत बघा कशी काळी केली. दर आठवड्याला पुसते, परत येतंय. ताराक्काची भिंत बघा, पांढरीशुभ्र.”

कोनाड्यात डब्याच्या आजूबाजूला काजळी धरल्यासारखा डाग होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आयन हवेतल्या धुळीला चिकटतात आणि ती धूळ भिंतीवर जाऊन बसते. म्हणजे हा डबा मुका नव्हताच. अप्पा इतके महिने खरीखुरी धबधब्याची हवा घेत होते आणि तरी दोनशे दहा.

मग दुसरा विचार आला. बोलके डबे वीस होते. मग उरलेल्या एकोणीस भिंती काळ्या का नाहीत?

मी तसाच ताराक्कांकडे धावलो. डबा कोनाड्यात लाल फुलांचं टोपडं घालून बसला होता, टीव्ही आणि फिल्टरच्या मध्ये, इतका शोभून दिसत होता की इतक्या शनिवारांत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी टोपडं उचललं. आत मांजरपाटाच्या अस्तरावर, बरोबर जाळीसमोर, रुपयाएवढा काळा ठिपका होता.

“डाग पडतोय रं त्याला,” ताराक्का म्हणाल्या. “पंधरा दिसांनी धुतो आमी.”

मी मास्तरांकडे गेलो. टोपडं, अस्तर, ठिपका नाही. मुका. जावांकडे गेलो. एकीकडे ठिपका, एकीकडे नाही. अकराव्या घरात टोपडं उचलताना मला हसू फुटलं. ते आवरेना. मी पायरीवर बसलो आणि पोट धरून हसलो. टोपडी चढल्यापासून सरांचे एकोणीस बोलके डबे रात्रंदिवस मांजरपाटाच्या तोंडात बोलत होते. मुके तर मुकेच होते. तेव्हापासून एकाही नाकापर्यंत एकही आयन पोचला नव्हता, तरी आकडे चढतच होते आणि ताराक्का दहापैकी अकरा होत्या.

त्रिशलाला सांगितलं तेव्हा ती आधी पांढरीफटक पडली.

“म्हणजे मी केलं हे?”

“तुम्ही विणलंत. पोचवलं मी. माझ्या हातांनी, एकेक करून, एकोणचाळीस.”

तिने ओढणी तोंडावर धरली, पण त्यातून हसणं गळायला लागलंच. आम्ही दोघं त्या काळ्या भिंतीसमोर उभं राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. एकमेकांसमोर असं मोकळं आम्ही पहिल्यांदाच हसत होतो आणि ते इतकं गोड वाटत होतं की थांबावंसं वाटेना. आधी थांबली ती.

“आता हो?”

“आता काय. सरांना सांगितलं तर पुणं गेलं. जागा गेली. अप्पांचे तीनशे तर नव्हतेच.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर परवा सर चारचौघांत उभे राहून खोटं बोलतील, आणि ते खोटं आहे हे त्यांना ठाऊकही नसेल.”

तिने फडकं पिळलं. बराच वेळ पिळत राहिली.

“साडेदहाची एस.टी. आहे कोल्हापूरची,” ती म्हणाली. “मिळेल. पळा.”

सर बॅग भरत होते. टाय खुर्चीच्या पाठीवर होता. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच, एका दमात. सर खुर्चीत बसले. बसताना टाय खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

“अस्तर होतं?”

“होय सर. मांजरपाटाचं.”

“एकेरी?”

“दुहेरी, सर.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. बावीस वर्षं तो माणूस या एका प्रश्नामागे होता आणि मी टोपडी वाटत हिंडत होतो. मला इतकं वाईट आयुष्यात पूर्वी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी म्हणालो, “सर, चूक माझी आहे.” त्यांनी ते ऐकलंही नसावं. पाकीट टेबलावर होतं. त्यांनी मोहर फोडली आणि यादीवरून बोट फिरवत नेलं.

“टोपडं नसलेला डबा कोणता?”

“सतरा, सर.”

“सतरा. बोलका.” ते ताठ बसले. “म्हणजे चाळीस घरांत एकच माणूस शेवटपर्यंत ती हवा खरोखर घेत होता. तो काय म्हणतो?”

“काही फरक नाही म्हणतो, सर. दोनशे दहा. दोनदा दोनशे पाच.”

“वर गेला नाही? एकदाही?”

“एकदाही नाही.”

“सगळे नाचत असताना तो एकटा सांगत राहिला की फरक नाही?”

“हो, सर.”

“हेही उत्तर असतं, मगदूम. एका माणसावरून काही ठरत नाही, पण निदान एक तरी खरा माणूस मिळाला.” त्यांनी पुण्याला पाठवायचं पत्र लिहायला घेतलं, न येण्याचं. दोन ओळी लिहून थांबले. “त्या बाईंना अकरा कशाने वाटलं हो?”

“माहीत नाही, सर.”

“मलाही माहीत नाही,” सर म्हणाले, आणि एकदम हसायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते, आणि मला तिथून कसं निघावं ते कळेना.

संध्याकाळी ऊन उतरताना मी जयसिंगपुरात परतलो. अप्पा कट्ट्यावर बसले होते. त्रिशला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने त्यांना सकाळचं काही सांगितलेलं नव्हतं, ते काम माझंच होतं. मी टोपड्यांपासून पाकिटापर्यंत सगळं सांगितलं.

“तुमचा डबा बोलका होता, अप्पा. शेवटपर्यंत खरी हवा तुम्हाला एकट्यालाच मिळाली. तिने तुम्हाला फरक पडला नाही, तर आता पडणार नाही. तीनशे काही व्हायचे नाहीत. मी हरलो. आणि पुण्याची जागाही गेली.”

अप्पा इतका वेळ खाली बघत ऐकत होते. आता त्यांनी मान वर केली.

“गेली म्हंजे?”

“गेली म्हणजे गेली. प्रकल्पच बंद झाला.”

“मग तू काय करणार?”

“इथल्या हायस्कुलात विज्ञानाला शिक्षक हवाय म्हणतात. घेतलं तर तिथं.”

“इथल्या म्हंजे? जयसिंगपुरातल्या?”

“हो.”

“स्टेशनाकडच्या हायस्कुलात?”

“हो, अप्पा.”

“म्हंजे पुणं न्हाईच?”

“नाही, अप्पा. किती वेळा सांगू? नाही.” दिवसभरात मी सगळं घालवून आलो होतो आणि हा माणूस मला ते पुन्हा पुन्हा मोजायला लावत होता.

अप्पा उठले. गुडघ्यावर हात न ठेवता उठले.

“त्रिशला, फुंकणी आण.”

मी शनिवारी तिथेच विसरलेली फुंकणी तिने आणून दिली. अप्पांनी काटा बोटाने शून्यावर सारला, पाय फाकवून उभे राहिले आणि श्वास घेतला. तो श्वास घेणं संपेचना. छाती वर आली, खांदे वर आले, सदऱ्याची एक गुंडी ताणली. मग त्यांनी फुंकलं. काटा तीनशे चाळीसला जाऊन टक्कन थांबला.

अप्पांना खोकल्याची एक उबळ आली, ती त्यांनी निवांत खोकून घेतली.

“अप्पा,” त्रिशला म्हणाली, “हे काय?”

“काय म्हंजे? फुकलो.”

“आणि इतके दिवस?”

“निम्माच सोडत हुतो.”

“पहिल्या दिवशीपण?” मी विचारलं.

“पयल्याच दिशी तू पुणं म्हणालास. तवाच निम्मा आत ठेवला.”

मी वही हातात घेऊन तसाच उभा. ज्या थेट गाडीची आणि क्वार्टरची मी इतक्या ऐटीत जाहिरात केली होती, त्यांनीच माझा काटा अडवून धरला होता. सरांचा एकमेव खरा माणूस दर शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत निम्मा श्वास चोरत होता.

“मला सांगायचं होतंत की, अप्पा,” त्रिशला म्हणाली. “मी गेलेच नसते.”

“म्हणून तर सांगिटलं न्हाई.” अप्पा पुन्हा कट्ट्यावर बसले. “तू न्हाई म्हणाली असतीस ह्याला, आनि बसली असतीस माझ्याजवळ टोपडी विणत. ते मला नको हुतं. आनि तू पुण्याला जावंस तेबी नको हुतं. मग काय करायचं मानसानं? म्हटलं, काट्यावर ढकलू.” त्यांनी फुंकणी मांडीवर ठेवली. “हवेचं काय घेऊन बसलाईसा. हवा सगळीकडं हाय. घरात मानूस हवं.”

त्रिशला त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि रडता रडता तिला मघाचं हसू पुन्हा फुटलं. अप्पा तिच्या पाठीवर थोपटत माझ्याकडे बघत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण माझं डोकं इतकं हलकं झालं होतं की पाय जमिनीला लागतायत की नाही ते कळत नव्हतं.

“पण अप्पा,” माझ्यातला बी. एस्सी. काही गप्प बसेना, “पहिल्या दिवशी पूर्ण फुंकला असता तर किती आला असता?”

“मला काय ठावं? फुकलो कुठं?”

म्हणजे त्या हवेने अप्पांना काही फरक पडला की नाही, हे तेव्हाही कळलं नाही आणि तीस वर्षांनी आजही मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन करून हे कळवलं. सर म्हणाले, “लग्नाला येतो. पण पंगतीत मला त्या गृहस्थांच्या शेजारी बसवू नका.” प्रत्यक्षात ते दिवसभर त्यांच्याच शेजारी बसून होते आणि दोघांचं हसणं मांडवाबाहेर ऐकू येत होतं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी कट्ट्याच्या कडेला बसलो, वही उघडली आणि घर नंबर सतरासमोर सावकाश लिहिलं: तीनशे चाळीस. निदान एक आकडा तरी खरा लिहितोय, या समाधानात मी पेनाला टोपण लावत होतो.

“पुरा न्हवता त्यो,” अप्पा म्हणाले.

“काय?”

“श्वास. पुरा न्हवता. थोडा राखून ठेवलाय.”

“आता आणि कशाला, अप्पा?”

“तुमची पोरं झाली की त्यास्नी फुगं कोण फुगवून देणार?”

त्रिशला ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि तीनशे चाळीसच्या पुढे अधिकचं चिन्ह काढलं.